दुपारचे गाणे आणि लहान संगीतगृहाचा संसार

गाणेबजावणे रात्रीचे आणि दिवस कामाचा, अशी वाटणी आपल्या मनात पक्की बसलेली आहे. नाटक रात्री, तमाशा रात्री, मैफलही रात्री. पाश्चात्त्य देशांतही प्रकार फारसा निराळा नाही. तेथेही वाद्यवृंद उभा राहतो तो दिवे लागल्यावर, आणि नाच रंगात येतो तो मध्यरात्रीच्या सुमारास. असे असता ब्रिटनमधील लहान संगीतगृहांचे काही चालक अलीकडे दुपारकडे वळले आहेत. बारा-एकच्या सुमारास अथवा तीन वाजता दारे उघडावयाची, चार-पाच तास गाणे, नाच आणि चहा-फराळ चालू द्यावयाचा, आणि रात्रीच्या जेवणापूर्वी सर्वांस घरी जाऊ द्यावयाचे, असे या मेळाव्याचे स्वरूप असते. वरवर पाहता ही हौसेची गोष्ट वाटेल. परंतु ज्या घराचे भाडे थकले आहे त्या घराने शोधलेला हा मार्ग आहे. तो कसा आखावा, त्यात लाभ किती व धोका कोठे, आणि आपल्याकडील संगीत मंडळांनी त्यातून काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संगीतगृहाची दशा

प्रथम लहान संगीतगृह म्हणजे काय ते ध्यानात घ्यावयास हवे. मोठमोठी नाट्यगृहे किंवा क्रीडांगणे येथे अभिप्रेत नाहीत. एखाद्या पबमागील दालन, जुन्या गुदामाचे तळघर, कामगारांच्या क्लबचे सभागृह, अशा जागी शेदोनशे माणसे दाटीवाटीने उभी राहतात आणि समोरच्या बुटक्या व्यासपीठावर गावातील तरुण मुले आपले पहिले गाणे म्हणतात. आज जगभर नावाजलेले अनेक ब्रिटिश वादक व गायक अशाच जागांतून पुढे आले. शाळेत जसा बालवर्ग, तसे संगीताच्या व्यवसायात हे घर होय. बालवर्ग बंद पडला तरी वरच्या वर्गांना पहिली काही वर्षे त्याची झळ लागत नाही. ती लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

अशा घरांच्या हितासाठी ब्रिटनमध्ये २०१४ साली ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था स्थापन झाली. तिच्या वार्षिक अहवालांतील आकडे विचार करावयास लावणारे आहेत. २०२३ या एका वर्षात १२५ लहान संगीतगृहांतील गाणे थांबले. २०२४ च्या अहवालानुसार या घरांचा सरासरी नफा शंभर पौंडांमागे अर्ध्या पौंडाहूनही कमी, म्हणजे ०.४८ टक्के होता, आणि ४३.८ टक्के घरे त्या वर्षी तोट्यात गेली. याच अहवालात आणखी एक गोष्ट नमूद आहे. प्रत्यक्ष गाण्याच्या कार्यक्रमांवर या घरांना जो तोटा सोसावा लागला त्याची एकूण बेरीज १६ कोटी २० लक्ष पौंडांच्या घरात जाते. तिकिटाच्या पैशांत कलावंत, ध्वनियोजक, द्वारपाल व वीज यांचा खर्च निघत नाही. ती तूट पेयांच्या विक्रीतून आणि इतर मिळकतीतून भरून काढावी लागते.

आता या पेयविक्रीवर फार काळ विसंबता येईल, असे दिसत नाही. तरुण पिढी पूर्वीइतके मद्यपान करीत नाही. समाजाच्या दृष्टीने ही गोष्ट चांगलीच. पण ज्या घराचा गल्ला मद्यावर चालतो त्याची त्यामुळे अडचण होते. शिवाय रात्रीच्या कार्यक्रमाला आठवड्यातून दोन-तीन दिवसच खरी गर्दी असते. भाडे मात्र सातही दिवसांचे आणि चोवीसही तासांचे द्यावे लागते. दिवसभर कुलूप घातलेले सभागृह हे रिकाम्या कोठारासारखे असते. त्यात काही साठत नाही, पण घरपट्टी चुकत नाही. दुपारच्या मेळाव्याची कल्पना निघते ती या हिशेबातून.

लिव्हरपूलचे तळघर

ही कल्पना मात्र नवी नाही. तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लिव्हरपूल शहरातील ‘कॅव्हर्न क्लब’ हे होय. मॅथ्यू स्ट्रीटवरील एका गुदामाच्या तळघरात १६ जानेवारी १९५७ रोजी हा क्लब जॅझ संगीतासाठी उघडला. विटांच्या कमानींचे तीन लांबट बोगदे, खाली उतरावयास अरुंद जिना, हवा खेळती राहण्याची सोय बेताची आणि भिंतींवरून ओघळणारी ओल, असे त्याचे रूप होते. १९५९ साली तो रे मॅकफॉल यांच्याकडे आला. त्यांच्या काळात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतील बैठकींना विशेष जोर चढला. आसपासच्या कचेऱ्यांतील कारकून, दुकानांतील मुली आणि विद्यार्थी सुट्टीत तेथे उतरत. प्रवेशमूल्य एक शिलिंग. क्लबला मद्यविक्रीचा परवाना नव्हता, म्हणून चहा, कॉफी, थंड पेये आणि पावाचे पदार्थ एवढ्यावरच काम भागे.

९ फेब्रुवारी १९६१ रोजी अशाच एका दुपारी ‘बीटल्स’ हे नाव धारण केलेली चार-पाच पोरे तेथे प्रथम वाजवून गेली. पुढे ३ ऑगस्ट १९६३ पर्यंत, दुपार व रात्र मिळून, त्यांचे तेथे सुमारे तीनशे कार्यक्रम झाले. शहरात ग्रामोफोन तबकड्यांचे दुकान चालविणारे ब्रायन एप्स्टाइन यांनी त्यांस प्रथम पाहिले तेही ९ नोव्हेंबर १९६१ रोजी, दुपारच्याच बैठकीत. एप्स्टाइन पुढे त्यांचे व्यवस्थापक झाले. सांगावयाचा मुद्दा असा की, एकाच ठिकाणी, त्याच श्रोत्यांपुढे, आठवड्यातून अनेकदा उभे राहिल्याने जो सराव होतो तो घरी बसून होत नाही. दुपारची बैठक म्हणजे त्या मुलांची तालीमही होती आणि कमाईही.

परंतु या कथेचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. जगप्रसिद्ध होऊनही कॅव्हर्न क्लब कर्जात बुडाला. सांडपाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था सुधारणे भाग होते आणि त्यास लागणारा पैसा मालकाजवळ नव्हता. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी त्याला टाळे लागले. त्याच वर्षी जुलै महिन्यात तो पुन्हा उघडला तेव्हा पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन स्वतः उपस्थित होते. तरीही १९७३ साली भुयारी रेल्वेच्या हवेच्या झडपेसाठी म्हणून ती जागा रिकामी करण्यात आली, तळघर बुजविण्यात आले, आणि ती झडप तेथे कधी बांधलीच गेली नाही. १९८४ साली जुन्या विटांपैकी पुष्कळशा वापरून क्लबची पुनर्रचना झाली. दुपारची गर्दी घर भरते. पण गटाराची दुरुस्ती आणि जागेची मालकी हे प्रश्न गर्दीने आपोआप सुटत नाहीत. दुपारचा मेळावा भरविणाऱ्याने हे दोन्ही धडे बरोबरच लक्षात ठेवावेत.

दुपारी कोण येतो

मेळाव्याची आखणी करताना पहिला प्रश्न वेळेचा नसून माणसांचा असतो. रात्री जे येतात तेच दुपारी बोलावले तर रात्रीची गर्दी तेवढी कमी होईल, आणि एका खिशातील पैसा दुसऱ्या खिशात जाईल. दुपारचा खरा उपयोग, ज्यांना रात्रीने दाराबाहेर ठेवले आहे त्यांना आत घेण्यात आहे.

याचे एक उदाहरण आपल्याच देशबांधवांच्या इतिहासातील आहे. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पंजाबी व इतर दक्षिण आशियाई कुटुंबांतील मुलामुलींना रात्री नाचगाण्याला जाण्याची घरून मुभा नसे. मुलींना तर नसेच. मग ब्रॅडफर्ड, बर्मिंगहॅम, लंडन आदी शहरांत भरदुपारी भांगड्याचे मेळावे भरू लागले. ‘आलाप’, ‘हीरा’ यांसारखे वाद्यवृंद त्या काळात गाजत होते. मुले दप्तरात दुसरे कपडे घालून शाळेतून निसटत, मेळाव्यात नाचत, आणि शाळा सुटण्याच्या वेळी पुन्हा गणवेशात घरी हजर होत. शाळा बुडविण्याचे समर्थन कोणीही शिक्षक करणार नाही. परंतु ज्या तरुण पिढीला रात्रीच्या क्लबांत आपले संगीत ऐकावयास मिळत नव्हते, आणि कित्येकदा कातडीच्या रंगावरून दारातच अडविले जात होते, तिने दिवसाच्या उजेडात स्वतःची जागा केली, हे विसरून चालणार नाही. त्या मेळाव्यांची आठवण ठेवून २०२० साली तेथील दक्षिण आशियाई तरुण कलावंतांनी ‘डेटायमर्स’ हेच नाव घेऊन आपला संघ स्थापन केला.

दुसरा वर्ग प्रौढांचा. डिसेंबर २०२३ मध्ये शेफील्ड शहरात ‘डे फीव्हर’ या नावाने तीस वर्षांवरील लोकांसाठी दुपारी तीन ते रात्री आठ असा नाचाचा मेळावा सुरू झाला आणि पाहता पाहता अनेक शहरांत पसरला. त्याचे कारण उघड आहे. ज्यांना घरी लहान मुले आहेत, सकाळी लवकर उठावयाचे आहे, शेवटची बस गाठावयाची आहे, त्यांची नाचण्याची इच्छा संपलेली नसते. सोयीची वेळ मात्र संपलेली असते. याखेरीज रात्रपाळीचे कामगार, वृद्ध, अपंग, रात्री एकट्याने परतण्यास धजत नाहीत अशा स्त्रिया आणि तान्ह्या मुलांच्या माता, हे सर्व दुपारचे संभाव्य श्रोते होत. प्रत्येक मेळावा या सर्वांसाठी एकदम होऊ शकत नाही. चालकाने यांपैकी एक गट निवडावा, त्यातील दहा माणसांना भेटून कोणता वार, कोणती वेळ व कोणते गाणे हवे ते विचारावे, आणि मगच जाहिरात लिहावी.

वेळ व कायदा

वेळ ठरविताना एक अडचण हमखास विसरली जाते. रात्रीच्या कार्यक्रमाचे वादक आपली वाद्ये घेऊन चार-पाचच्या सुमारासच येतात, कारण त्यांना व्यासपीठ लावावयाचे असते आणि ध्वनिक्षेपकांची चाचणी करावयाची असते. त्याच वेळी आत शंभर माणसे नाचत असतील तर दोन्ही कार्यक्रमांची दुर्दशा ठरलेली. यास दोनच उपाय आहेत. ज्या दिवशी रात्री कार्यक्रम नाही, असा रविवारसारखा दिवस घ्यावा. अथवा दुपारचा मेळावा बारा ते साडेतीन इतकाच ठेवून पुढचा एक तास झाडलोट व हवा बदलणे यांसाठी राखून ठेवावा. कॅव्हर्नमध्ये जेवणाच्या सुट्टीची बैठक दोनच्या सुमारास आटोपे आणि संध्याकाळची नंतर निराळी भरे, यात हेच शहाणपण होते.

कायद्याच्या बाबतीत इंग्लंड व वेल्समध्ये दिवसाची वेळ सोयीची आहे. २०१२ च्या ‘लाइव्ह म्युझिक ॲक्ट’ने सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत, मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागी, दोनशेपर्यंत श्रोत्यांपुढे ध्वनिवर्धकावर गाणे करावयास वेगळ्या परवान्याची अट काढून टाकली. २०१५ साली ही मर्यादा पाचशेपर्यंत वाढविण्यात आली. अर्थात आगीपासून सुरक्षितता, जागेची माणसे मावण्याची मर्यादा आणि संगीतरचनाकारांच्या हक्काचे शुल्क यांतून सुटका नाही. लहान मुलांना येऊ द्यावयाचे असेल तर जागेच्या परवान्यातील अटी आधी वाचून घ्याव्या लागतात.

शेजाऱ्यांचा प्रश्न दिवसाही उरतोच. रस्त्यावरील वर्दळीत बराचसा आवाज लपून जातो हे खरे. पण ढोलाचा खर्ज भिंतीतून आरपार जातो, आणि रात्रपाळी करून झोपलेल्या शेजाऱ्याला तो दुपारीच अधिक छळतो. म्हणून आठवडाभर आधी प्रत्येक शेजाऱ्याच्या दारी जाऊन मेळाव्याची वेळ सांगावी, तक्रारीसाठी कोणास बोलवावे त्याचे नाव द्यावे, आणि शक्य तर एक निमंत्रणही द्यावे. नव्याने येणाऱ्या इमारतीच्या बांधकाम करणाऱ्यानेच आवाजापासून बचावाची तजवीज करावी, हे तत्त्व २०१८ साली इंग्लंडच्या नगररचना धोरणात समाविष्ट झाले. तरी शेजाऱ्याशी गोडीने राहण्याची गरज कोणत्याही धोरणाने नाहीशी होत नाही.

आवाज, उजेड आणि फराळ

दुपारचा मेळावा म्हणजे रात्रीचाच मेळावा लवकर भरविला, असे समजणे चुकीचे ठरते. रात्री माणसे जेवून व थोडी सैलावून आलेली असतात. दुपारी ती भर रस्त्यावरच्या उन्हातून एकदम अंधाऱ्या तळघरात शिरतात. म्हणून पहिला अर्धा तास दिवे पुरते मालवू नयेत आणि आवाज मध्यम ठेवावा. लोक संकोचाने भिंतीला टेकून उभे राहतात. अशा वेळी एखादा नृत्यशिक्षक पुढे येऊन दोन सोप्या चाली शिकवील तर संकोच लवकर मोडतो.

आवाजाचे मान शास्त्राने ठरवून दिलेले आहे. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांप्रमाणे कामाच्या जागी दिवसभराच्या सरासरीने आवाज ८५ डेसिबलवर गेला तर नोकरांच्या कानांचे संरक्षण करणे मालकावर बंधनकारक होते. दर ३ डेसिबल वाढीस ध्वनीची शक्ती दुप्पट होते, म्हणून सुरक्षित काळ निम्मा होतो. ८५ ला आठ तास, तर ८८ ला चार, ९१ ला दोन आणि ९४ ला एकच तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या जागांसाठी, पंधरा मिनिटांच्या सरासरीने, १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली आहे. लहान मुले येणार असतील तर आवाज याहून पुष्कळ खाली ठेवावा, मुलांसाठी कान झाकणारी साधने दारात ठेवावीत, आणि शेजारच्या खोलीत बसून बोलता येईल अशी शांत जागा राखावी.

दुपारी मद्याची विक्री कमीच होणार, हे गृहीत धरून चालावे. गल्ला भरावयाचा तो चहा, कॉफी, सरबते आणि गरम खाद्यपदार्थ यांवर. येथे वस्तीचा हात लागतो. गल्लीतील एखादे उपाहारगृह किंवा घरी पदार्थ करून विकणाऱ्या स्त्रिया यांना जागा द्यावी आणि विक्रीचा ठराविक वाटा घ्यावा. त्यांचे चार आप्तही मग गाण्याला येतात.

हिशेबाची वही

आता पैशाकडे वळू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, दीडशे माणसे मावतील असे एक घर आहे. एका दुपारचा खर्च असा धरू: वादक व तबकड्या लावणारा मिळून २५० पौंड, ध्वनियोजक १२०, दारावरची माणसे १५०, विक्रीवरील नोकर १५०, झाडलोट ५० आणि जाहिरात ३०, एकूण ७५० पौंड. तिकीट ८ पौंड ठेवले आणि शंभर माणसे आली, तर ८०० पौंड जमतात. चालक आनंदतो की ५० पौंड उरले. परंतु घर व्हॅट भरणारे असेल तर तिकिटाच्या रकमेतील एक षष्ठांश भाग, म्हणजे सुमारे १३३ पौंड, सरकारचा असतो. हाती उरतात ६६७. नफा तर राहोच, ८३ पौंडांची खोट आली. चहा-फराळावर माणशी २ पौंड सुटले तर २०० पौंड मिळतात आणि शेवटी ११७ पौंड शिल्लक पडते.

हाच हिशेब सत्तर माणसांवर करून पाहावा. तिकिटांचे हाती ४६७, फराळाचे १४०, एकूण ६०७. म्हणजे १४३ पौंडांचा तोटा. या उदाहरणात सत्त्याऐंशीवे माणूस दारातून आत येते तेव्हा मेळाव्याचा खर्च निघतो. प्रत्येक घराचा हा आकडा निराळा असेल. पण तो मेळाव्यापूर्वी माहीत असलाच पाहिजे. तिकिटे आगाऊ विकावीत, आणि दहा दिवस आधी निम्मीही खपली नसतील तर खर्चातील कोणती बाब कमी करता येईल ते पाहावे. कमी करताना वादकाच्या बिदागीवर प्रथम हात टाकू नये. स्वयंसेवक दारावर बसू शकतात, खुर्च्या लावू शकतात. पण ज्याच्या कलेवर तिकीट विकले जाते त्याला फुकट वाजवावयास लावणे, हा वस्तीच्या नावाखाली केलेला अन्याय ठरतो.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. या घराचे महिन्याचे भाडे ३००० पौंड असेल आणि चारही रविवार यशस्वी झाले, तर ११७ च्या दराने ४६८ पौंड जमतात. भाड्याच्या सहाव्या भागाहून ही रक्कम कमी आहे. तेव्हा दुपारचा मेळावा बुडते घर एकटा वाचवील, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. तो एक वासा आहे, छप्पर नव्हे. छपरासाठी इतर आधार लागतात. ब्रिटनच्या संसदीय समितीने मे २०२४ मध्ये मोठ्या क्रीडांगणांवरील कार्यक्रमांच्या तिकिटांतून लहान घरांसाठी काही वाटा काढावा अशी शिफारस केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने ऐच्छिक स्वरूपात तिला पाठिंबा दिला. त्याआधी, २०२३ साली, सामान्य रसिकांनी भाग-भांडवल घालून उभ्या केलेल्या एका लोकहितैषी संस्थेने अॅथर्टन गावातील ‘द स्नग’ या घराची जागाच विकत घेतली, जेणेकरून घरमालकाच्या मर्जीवर गाणे अवलंबून राहू नये. कॅव्हर्नच्या तळघरावर जी पाळी आली तिच्यावर खरा उपाय हाच होता.

मग दुपारच्या मेळाव्याचे मोल ते काय? पैशाइतकेच ते माणसांत आहे. ज्या घरात वस्तीतील आजी चहा प्यायला येते, नातू पहिल्यांदा ढोल वाजवितो आणि शेजारीण फराळ विकते, ते घर बंद करण्याची नोटीस आली तर विरोध करावयास चार माणसे उभी राहतात. भाग-भांडवलाची यादी निघाली तर तीत नावे पडतात. रात्रीच्या अनोळखी गर्दीतून असा आधार क्वचितच मिळतो. परंतु त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते. दुपारभर केवळ जुन्या तबकड्या वाजवून गल्ला भरला, तर ते घर नाचाची भाड्याची जागा होईल. संगीतगृह राहणार नाही. प्रत्येक मेळाव्यात अर्धा तास तरी नवशिक्या गायक-वादकांना द्यावा, आणि शिलकीचा ठरलेला भाग त्यांच्या रात्रीच्या कार्यक्रमांसाठी बाजूला काढावा. दुपारने रात्रीला हात द्यावा, हा या व्यवहाराचा गाभा होय.

आपल्याकडे

ही सारी चर्चा परक्या देशाची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. १९५० व १९६० च्या दशकांत मुंबईत चर्चगेटच्या परिसरातील उपाहारगृहांत रविवारी सकाळी ‘जॅम सेशन’ भरत, आणि तेथे वाजविणारांत गोव्याच्या वादकांचा भरणा मोठा असे. शास्त्रीय संगीताच्या क्षेत्रात तर दिवस रात्रीइतकाच हक्काचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या जागी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास बंदी आहे. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, तेवढीच. १९५३ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातील रात्रभराच्या बैठका या नियमापुढे संपल्या आणि गाणे दिवसाकडे सरकले. दरबारी-मालकंसाची उत्तररात्र गेली, याची हळहळ रसिकांना वाटणे स्वाभाविक आहे. त्याच वेळी एक लाभही झाला. शुद्ध सारंग, भीमपलासी, मुलतानी हे दिवसाचे राग त्यांच्या नेमक्या वेळी ऐकावयास मिळू लागले. केवळ रात्रीच मैफल करणाऱ्या गावात हे राग वर्षानुवर्षे कानी पडत नाहीत, किंवा पडले तर अवेळी.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवा या ठिकाणी मराठी मंडळींनी चालविलेल्या संस्थांची सभागृहे आहेत. त्यांतील पुष्कळ सभागृहे दिवसा बंद असतात, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला पांढऱ्या केसांचीच दाटी असते. नातवंडे येत नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी शाळा. सुना येत नाहीत, कारण स्वयंपाक. अशा संस्थेच्या कार्यकारी मंडळाने महिन्यातील एक रविवार दुपारी अकरा ते तीन राखून पाहावा. पहिला अर्धा तास गावातील मुलामुलींचा, नंतर एका जाणत्या कलावंताचे दिवसाच्या रागाचे गायन किंवा वादन, मध्ये पिठले-भाकरी किंवा पोहे, आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हणावयाची गाणी. खर्चाचा व माणसांचा आकडा आधी काढावा, बिदागी वेळेवर द्यावी, शेजाऱ्याला बोलवावे, आणि हिशेब फलकावर लावावा. वर्षभर हे केल्यावर रात्रीच्या मैफलीला किती नवे चेहरे आले, ते मोजावे. ते चेहरे वाढले असतील तर दुपार कारणी लागली. वाढले नसतील तर वार, वेळ किंवा गट बदलून पुन्हा आरंभ करावा. सभागृहाला कुलूप घालण्यापूर्वी एवढा प्रयोग करून पाहणे कोणत्याही मंडळाला अवघड नाही.